घासणाऱ्या टायरची साक्ष

स्प्रिंग नसलेल्या बैलगाडीत चाक आणि साटी यांच्यातील अंतर सुताराने एकदा ठरवून दिले की आस झिजेपर्यंत ते सहसा बदलत नाही. मोटारगाडीत मात्र चाक आणि बॉडी यांच्यामध्ये स्प्रिंग येते, आणि त्यामुळे हे अंतर गाडीत किती माणसे बसली आहेत, रस्ता कसा आहे, गाडी कोणत्या बाजूला वळते आहे यानुसार क्षणोक्षणी कमीजास्त होत राहते. गाडी आखणारा अभियंता या सगळ्या हालचालींचा हिशेब करून टायरभोवती जी जागा राखून ठेवतो, तिला या प्रकरणात ‘मोकळीक’ म्हटले आहे. मोकळीक संपली की टायर मडगार्डच्या दुमडलेल्या कडेला, आतल्या पत्र्याला किंवा सस्पेन्शनच्या एखाद्या भागाला घासू लागतो. टायरची बाजूची भिंत रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्यापेक्षा बरीच पातळ असल्यामुळे हे घासणे फार काळ चालू दिल्यास रबराखालचे धागे उघडे पडतात आणि टायर धावत्या गाडीत फुटण्याची वेळ येते.

या दोषाचा शोध अवघड होतो तो एका कारणाने: ज्या ठिकाणी टायर घासतो त्या ठिकाणी बिघाड असेलच असे नाही, किंबहुना बहुतेक वेळा तो तेथे नसतोच. मडगार्डची कड ठोकून वर वळवणे हा म्हणूनच सर्वांत सोपा आणि सर्वांत फसवा उपाय ठरतो. आवाज थांबतो, पण जागेवरून सरकलेला आस सरकलेलाच राहतो.

अँबेसिडरचे नातलग

जळगाव किंवा धुळ्याच्या गॅरेजमध्ये १९६०च्या दशकातील ब्रिटिश स्पोर्ट्स कार दिसणे ही दुर्मीळ गोष्ट असली, तरी तिच्या मागच्या चाकांची रचना तेथील मिस्त्रींना अनोळखी नसते. एम.जी. कंपनीची एम.जी.बी. ही १९६२ ते १९८० या काळात पाच लाखांहून अधिक संख्येने तयार झालेली दोन दारांची गाडी या वर्गाचे चांगले उदाहरण आहे. तिचे १७९८ सीसीचे इंजिन ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या ज्या ‘बी’ मालिकेतील होते, त्याच मालिकेतील १४८९ सीसीचे इंजिन हिंदुस्तान मोटर्सच्या अँबेसिडरमध्ये वर्षानुवर्षे बसवले जात होते. मागचे सस्पेन्शनही त्याच परंपरेतले आहे. दोन्ही मागची चाके एकाच अखंड आसाच्या दोन टोकांना असतात. गॅरेजमध्ये ज्याला ‘हौसिंग’ म्हणतात त्या पोलादी कवचात डिफरन्शियल आणि दोन्ही बाजूंचे शाफ्ट असतात, आणि हे हौसिंग दोन कमानपाट्यांवर टेकलेले असते. अँबेसिडर, मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली प्रीमियर पद्मिनी, जुन्या जीप आणि रावेर-सावद्याहून केळी भरून निघणारे ट्रक या सर्वांत मापे वेगवेगळी असली तरी तत्त्व हेच आहे.

कमानपाटा म्हणजे कमी होत जाणाऱ्या लांबीचे पोलादी पाटे एकावर एक रचून केलेली कमान. सर्वांत लांब पाट्याच्या दोन्ही टोकांना गोल डोळे वळवलेले असतात. पुढचा डोळा रबरी बुश घालून चेसिसला पक्का जोडतात, तर मागचा डोळा ‘शॅकल’ नावाच्या झुलत्या दुव्यावर टांगतात, कारण भार आला की कमान सपाट होऊन लांब होते आणि त्या वाढीव लांबीला कोठेतरी वाट द्यावी लागते. पाटे एकत्र बांधणारा मधला ‘सेंटर बोल्ट’ खाली-वर सरकू नये म्हणून नव्हे, तर आस पुढे-मागे सरकू नये म्हणून महत्त्वाचा असतो. त्याचे डोके हौसिंगच्या बैठकीतील भोकात बसते. बैठक आणि पाटे यांना आवळून धरण्याचे काम इंग्रजी ‘यू’ अक्षराच्या आकाराचे बोल्ट करतात. या रचनेत वेगळे दांडे जवळजवळ नसतात. आसाला वर उचलून धरणे, पुढे-मागे रोखणे आणि डावी-उजवीकडे जाऊ न देणे ही तिन्ही कामे तोच कमानपाटा करतो. त्यामुळे त्याच्यातील एखादा बुश जरी झिजला तरी आस आपली जागा सोडू लागतो आणि त्याची पहिली खबर अनेकदा टायरच देतो.

दोन ठसे

घासणाऱ्या टायरच्या बाबतीत नेहमी दोन साक्षीदार असतात: टायरवरचा ठसा आणि तो ज्या भागाला घासतो त्या भागावरचा ठसा. यांपैकी टायर फिरतो आणि बॉडी फिरत नाही, हा साधा फरक निदानाची पहिली पायरी आहे.

टायरच्या भिंतीवर सगळीकडे सारख्या रुंदीचा चकचकीत पट्टा उमटला असेल, तर फिरणाऱ्या भागांत दोष नाही. आस, कमानपाटा किंवा बॉडी यांपैकी काहीतरी जागेवर नाही, अथवा टायर-रिम मुळातच जास्त रुंद आहे, असा त्याचा अर्थ होतो. याउलट टायरच्या परिघाच्या एखाद्याच भागावर खूण असेल आणि उरलेला भाग स्वच्छ असेल, तर चाक फिरताना डोलते आहे हे उघड होते. मग रिम वाकडी झालेली असते, टायरच्या भिंतीला फुगवटा आलेला असतो, नट सैल असतात किंवा आसाचा शाफ्ट वाकलेला असतो. मागचे चाक वर उचलून, त्याच्या कडेजवळ एक खिळा स्थिर धरून चाक हाताने सावकाश फिरवले, की खिळा आणि रिम यांच्यातील फट कमीजास्त होताना दिसते. रिमजवळची फट सारखी राहून टायरजवळची बदलत असेल तर दोष टायरचा, दोन्ही बदलत असतील तर रिमचा किंवा शाफ्टचा.

दुसरा ठसा, म्हणजे पत्र्यावरचा, दिशा सांगतो. खूण मडगार्डच्या बाहेरच्या कडेच्या अगदी माथ्यावर असेल तर चाक प्रमाणाबाहेर वर येत आहे. खूण माथ्याच्या पुढे किंवा मागे झुकलेली असेल तर आस पुढे-मागे सरकला आहे. खूण आतल्या पत्र्यावर असेल तर आस आडवा सरकतो आहे किंवा एकाच बाजूचे चाक खड्ड्यातून वर येताना त्याचा माथा आत कलतो आहे. अखंड आसात एक चाक वर गेले की दुसरेही थोडे कलते, म्हणून सपाट रस्त्यावर कधी न घासणारा टायर एकाच बाजूच्या खड्ड्यात घासू शकतो. काळ्या कपाशीच्या जमिनीवरून जाणाऱ्या रस्त्यांना हा प्रकार विशेष लागू पडतो, कारण ही माती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते आणि तिच्यावरचा डांबरी थर एका कडेला खचून लाटांसारखा होतो.

घासण्याचा आवाज कोणत्या वळणावर येतो हेही टिपून ठेवावे लागते. गाडी उजवीकडे वळते तेव्हा बॉडी डावीकडे ढकलली जाते; परिणामी डाव्या टायरची आतली बाजू आतल्या पत्र्याजवळ आणि उजव्या टायरची बाहेरची बाजू मडगार्डच्या कडेजवळ येते. केवळ उजव्या वळणावर डावीकडून आतल्या बाजूने आवाज येत असेल तर बुश आणि शॅकल यांच्यातील आडव्या ढिलाईकडे प्रथम पाहावे. धुळ्याच्या दक्षिणेला आग्रा रस्त्यावरील लळिंग घाट किंवा चाळीसगाव-कन्नड मार्गावरील औट्रम घाट यांसारख्या एकापाठोपाठ उलटसुलट वळणांच्या रस्त्यावर हा फरक चटकन कानावर येतो.

ओळंबा, खडू आणि कणीक

मापे घेण्याआधी मडगार्डची आतली बाजू धुऊन काढणे आवश्यक असते. पावसाळ्यात शेतरस्त्यावरून गेलेल्या गाडीच्या मडगार्डमध्ये काळ्या मातीचा थर बसतो, तो वाळून विटेसारखा टणक होतो आणि टायर पत्र्याला नव्हे तर त्या थरालाच घासत राहतो. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने बरा होणारा हा एकमेव प्रकार आहे.

त्यानंतर गाडी सपाट फरशीवर, चारही टायरमध्ये ठरलेली हवा भरून, जॅक न लावता उभी करावी लागते. जॅक बॉडीखाली लावला की आस खाली लोंबतो आणि प्रत्यक्षात नसलेली मोकळीक दिसू लागते. म्हणून गाडी उचलायचीच असेल तर ती हौसिंगखाली घोडी लावून, म्हणजे भार चाकांऐवजी आसावर ठेवून उचलतात. नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरणे कोणत्याही कारणासाठी योग्य नाही.

पहिले माप उंचीचे असते. हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर दोन्ही बाजूंनी मोजले की कोणता पाटा बसला आहे हे कळते. भारतात चालक उजवीकडे बसतो आणि अनेक जुन्या गाड्या बराच काळ एकाच माणसाने चालवलेल्या असतात, त्यामुळे उजवा पाटा आधी बसलेला आढळणे स्वाभाविक आहे. दुसरे माप गवंड्याच्या ओळंब्याने घेता येते. मडगार्डच्या कडेवरून ओळंबा सोडला की टायरच्या बाहेरच्या भिंतीपासून दोरीपर्यंतचे अंतर पट्टीने वाचता येते, आणि डाव्या-उजव्या आकड्यांतील फरकाचा अर्धा भाग म्हणजे आस बॉडीच्या तुलनेत जितका आडवा सरकला आहे ते माप. एम.जी.बी.सारख्या काही गाड्यांत कारखान्यातून निघतानाच दोन्ही बाजूंची मोकळीक तंतोतंत सारखी नसे, त्यामुळे दोन-चार मिलिमीटरच्या फरकावरून लगेच निष्कर्ष काढणे उचित नाही.

तिसरे माप सर्वांत बोलके असते. चारही हबच्या मध्यांतून ओळंबा सोडून फरशीवर खडूने चार बिंदू उमटवतात, गाडी पुढे ढकलून बाजूला घेतात आणि बिंदूंमधील अंतरे मोजतात. एम.जी.बी.च्या पुढच्या व मागच्या चाकांतील अंतर ९१ इंच, म्हणजे सुमारे २३११ मिलिमीटर आहे. ते डावीकडे आणि उजवीकडे सारखे यायला हवे, आणि कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतचे दोन्ही तिरपे कर्णही सारखे यायला हवेत. समजा डाव्या बाजूचे अंतर १० मिलिमीटरने जास्त भरले, तर डावे चाक मागे सरकले आहे. मागच्या दोन चाकांतील अंतर सुमारे १२५० मिलिमीटर असल्यामुळे एवढ्याशा सरकण्यानेही आस अर्ध्या अंशाच्या जवळपास वळतो. डाव्या टायरची पुढची कड बाहेर आणि मागची कड आत जाऊन दोन्ही कडांत मिळून सुमारे ५ मिलिमीटरचा फरक पडतो. अशी गाडी सरळ रस्त्यावरही किंचित तिरकी चालते आणि मागून येणाऱ्या वाहनाच्या चालकाला तिची दोन्ही बाजूंची चाके एका रेषेत दिसत नाहीत. ट्रकच्या बाबतीत हे लक्षण महामार्गावर नेहमी पाहायला मिळते.

उभ्या गाडीची मापे धावत्या गाडीबद्दल सगळे सांगत नाहीत. त्यासाठी ओल्या खडूचा लेप किंवा घट्ट मळलेल्या कणकेचे लहान गोळे वापरता येतात. घासण्याची शंका असलेल्या जागी पाच-सहा ठिकाणी कणकेचे गोळे चिकटवून, मागे दोन माणसे बसवून गाडी काही किलोमीटर फिरवून आणली की ज्या गोळ्याला टायर लागला तो तेवढा चेपलेला किंवा कापला गेलेला असतो, आणि उरलेली जाडी म्हणजे त्या जागी प्रवासात राहिलेली किमान मोकळीक असते. ज्या गोळ्यांना टायरचा स्पर्शही झालेला नसतो तेही उपयोगाचे असतात; दोष कोठे शोधू नये हे ते सांगतात.

कारणांचा क्रम

मापे हाती आल्यावर कारणे स्वस्त आणि सोप्याकडून महाग आणि अवघडाकडे तपासणे शहाणपणाचे असते. पहिला क्रमांक टायर-रिमचा लागतो. जुन्या गाड्यांचे टायर इंचांत मोजले जात, पद्मिनीचा ५.२०-१४ किंवा अँबेसिडरचा ५.९०-१५ यांत पहिला आकडा टायरच्या रुंदीचा आणि दुसरा रिमच्या व्यासाचा आहे. नव्या रेडियल टायरवर रुंदी मिलिमीटरमध्ये असते आणि तिच्यापुढे भिंतीच्या उंचीची टक्केवारी येते. एम.जी.बी.च्या १६५ आर १४ टायरऐवजी १८५/७० आर १४ बसवला तर व्यास सुमारे ६२६ मिलिमीटरवरून ६१५ वर येतो, म्हणजे डोळ्याला फारसा फरक जाणवत नाही; रुंदी मात्र २० मिलिमीटरने वाढून प्रत्येक बाजूची मोकळीक १० मिलिमीटरने घटते. त्यातच रिमचा ‘ऑफसेट’ वेगळा असेल, म्हणजे हबला टेकणारी रिमची पाटी तिच्या मध्यरेषेपासून वेगळ्या अंतरावर असेल, तर संपूर्ण टायर तितकाच आत किंवा बाहेर सरकतो. एम.जी.बी.त तारांच्या चाकांसाठीचा आस पोलादी चाकांच्या आसापेक्षा अरुंद होता, त्यामुळे एका गाडीचा आस दुसरीला आणि चाके तिसऱ्या गाडीची, असा जोडकाम झालेला नमुना असेल तर आधी प्रत्येक भाग कोणत्या गाडीचा हे ठरवावे लागते.

दुसरा क्रमांक हवेच्या दाबाचा. जळगावात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या आसपास आणि कधी त्याच्याही वर जातो, आणि अशा दुपारी धावून तापलेल्या टायरमधील हवेचे तापमान पहाटेच्या तुलनेत सहज ३० अंशांनी जास्त असू शकते. वायूचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो. त्यामुळे पहाटे २४ पौंड असलेला दाब दुपारी २८ च्या जवळ जातो. याच्या उलट, तापलेल्या टायरमध्ये दुपारी २४ पौंड भरून समाधान मानले तर दुसऱ्या दिवशी पहाटे तो २० ते २१ पौंडांवरच असतो, टायरची भिंत बाहेर फुगते आणि मोकळीक कमी होते. घासण्याची तक्रार सकाळीच येते आणि दुपारी नाहीशी होते, अशा गोंधळात टाकणाऱ्या प्रकाराचा उलगडा अनेकदा एवढाच असतो. दाब नेहमी गार टायरमध्येच मोजावा, या नियमाचे हे कारण आहे.

तिसरा क्रमांक सैल झालेल्या यू-बोल्टचा आणि तुटलेल्या सेंटर बोल्टचा. यू-बोल्ट सैल झाले की ब्रेक आणि वेग यांचा सगळा ताण बारीक सेंटर बोल्टवर येतो. तो तुटतो आणि त्या बाजूचा आस सरकू लागतो. तुटलेला सेंटर बोल्ट पाटे न उघडता दिसत नाही, परंतु बैठकीच्या कडेला चकाकणारे ताजे पोलाद किंवा गंजाची लालसर पूड दिसली की सरकण्याची खात्री पटते. खडूच्या चार बिंदूंत डाव्या-उजव्या लांबीचा फरक याच दोषात सर्वांत ठळक येतो.

चौथा क्रमांक झिजलेल्या बुशचा आणि बसलेल्या पाट्यांचा. डोळ्यांतील रबर वय आणि उष्णता यांनी कडक होऊन चिरते. मोठी पहार डोळा आणि शॅकल यांच्यात घालून हलकेच रेटली की ढिलाई दिसते. बसलेल्या पाट्यांना खानदेशातील कमानपाट्यांच्या कारागिरांकडून पुन्हा कमान देता येते. पाटे तापवून, ठोकून वळवतात आणि त्यांना ‘पाणी’ देतात, म्हणजे विशिष्ट तापमानावरून थंड करून पोलादाला पुन्हा ताठपणा आणतात. ट्रकसाठी हे काम रोजचे आहे, परंतु हलक्या गाडीच्या पातळ पाट्यांना तीच आच लावली तर ते ठिसूळ होतात. जास्तीचा एक पाटा चढवण्याचा उपाय गाडी उचलतो खरा, पण तिची चाल कडक करतो. शॉकअप बदलल्याने मात्र बसलेली गाडी वर येत नाही. भार कमानपाटा उचलतो आणि शॉकअप फक्त तिची डोलण्याची हालचाल आवरतो. तो निकामी झालेला असेल तर गाडी एका खड्ड्यानंतर दोन-तीनदा डोलते आणि टायर त्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या डोलण्यात घासतो.

शेवटचा क्रमांक बॉडीचा. चेसिस आणि बॉडी एकच असलेल्या एम.जी.बी.सारख्या गाड्यांत कमानपाट्याचे पुढचे टोक ज्या पत्र्याच्या पेटीला जोडलेले असते ती गंजून खचली, किंवा जुन्या अपघातानंतर मागचा भाग वाकडा जोडला गेला, तर आस आपल्या जागी असूनही मडगार्डच त्याच्याकडे सरकलेले असते. असे असेल तेव्हा आस आणि पुढची चाके यांची मापे बरोबर येतात, परंतु ओळंब्याने घेतलेले आडवे माप चुकते.

झुलत्या आसाचा अपवाद

अखंड आसाचे हे सर्व नियम मद्रासमध्ये १९६१ पासून बनलेल्या स्टँडर्ड हेराल्डला लागू पडत नाहीत. ही गाडी इंग्लंडमधील ट्रायंफ हेराल्डची भारतीय आवृत्ती होती, आणि हेराल्डच्याच आखूड केलेल्या चेसिसवर १९६२ मध्ये ट्रायंफ स्पिटफायर ही स्पोर्ट्स कार उभी राहिली. या रचनेत डिफरन्शियल चेसिसला बांधलेले असते, त्याच्यावर एकच कमानपाटा आडवा ठेवलेला असतो आणि दोन्ही बाजूंचे अर्धे आस डिफरन्शियलच्या जवळच्या सांध्यातून स्वतंत्रपणे झुलतात. पाटा बसला की गाडी खाली येते आणि दोन्ही चाकांचे माथे आत कलतात. गाडी जॅकवर उचलली की उलट माथे बाहेर आणि तळ आत जातात. म्हणून हेराल्ड किंवा स्पिटफायर जॅकवरून खाली उतरवल्याबरोबर घेतलेले कोणतेही माप खोटे असते. गाडी काही मीटर पुढे-मागे ढकलून टायर रस्त्यावर नीट बसले की मगच मोजावे लागते. पुढे भारतातच १९७२ मध्ये आलेल्या स्टँडर्ड गॅझेलमध्ये मागे अखंड आस वापरण्यात आला.

दुरुस्तीची मर्यादा

मडगार्डची कड कापणे किंवा चेसिसला नवे कंस जोडणे यांना तांत्रिक तोट्याबरोबरच कायदेशीर तोटाही आहे. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे पूर्ण झालेल्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांचा विंटेज क्रमांक मिळू शकतो, परंतु त्यासाठी तिची चेसिस, बॉडी आणि इंजिन यांचे मूळ रूप पालटणारे मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. अशा गाडीचा रोजच्या वाहतुकीसाठी वापर करता येत नाही. प्रदर्शन, विंटेज रॅली, तांत्रिक संशोधन, इंधन आणि देखभाल एवढ्यासाठीच ती रस्त्यावर आणता येते. बुश, बोल्ट आणि पाटे बदलल्याने मूळ रूपाला धक्का लागत नाही, कापलेले मडगार्ड मात्र पुन्हा पूर्ववत होत नाही.

दुरुस्तीनंतर यू-बोल्ट काही शे किलोमीटर चालवून पुन्हा आवळावे लागतात, कारण नवे पाटे आपापल्या जागी दबतात. आणि निदान खरे होते की केवळ आवाज थांबला, हे त्याच कणकेच्या गोळ्यांनी पडताळता येते. सेंटर बोल्ट बदलला असेल तर मडगार्डच्या मागच्या बाजूच्या गोळ्याची जाडी वाढायला हवी आणि फरशीवरचे चार बिंदू पुन्हा काढल्यावर डावी-उजवी लांबी जुळायला हवी. ती न जुळता घासणे थांबले असेल, तर आस कोठेतरी अजून सरकतो आहे आणि शोध पहिल्या ठशापासून पुन्हा सुरू करावा लागतो.